परत मागितलेलं वाण

कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा एकदाच वाजतो. वसाहतीतल्या कुकरांच्या शिट्ट्या त्यानंतर सुरू होतात, त्या दिवेलागण होऊन गेली तरी थांबत नाहीत. गोपीनाथ इंगोलेला भोंग्याचं कधी काही वाटलं नव्हतं. शिट्ट्यांचं मात्र फाल्गुनापासून फार वाटू लागलं होतं.

कामावरून आला की तो सायकल भिंतीला टेकवायचा, हातपाय न धुताच व्हरांड्यातल्या लोखंडी खुर्चीत बसायचा आणि कान लावायचा. डावीकडे देवपुजाऱ्यांचा कुकर. त्याची शिट्टी जाड, भरल्या घशाची. वरच्या मजल्यावर दुबे भाभींचा. तो आधी बराच वेळ फुसफुसायचा आणि मग एकदम किंचाळायचा. शिट्टी झाली की गोपीनाथ श्वास सोडायचा. होईपर्यंत सोडायचा नाही. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं, बायकोच्या अपघातानंतर इंगोले प्राणायामाला लागला.

"चहा निवला," आतून प्रमिला म्हणायची.

"हो."

"दुसऱ्यांदा निवला म्हणते मी."

फाल्गुनातल्या एका सकाळी प्रमिलाच्या घरात कुकर फुटला होता. झाकण छताला जाऊन आपटलं, तिथे गिलाव्याला परातीएवढा खड्डा पडला. तुरीची डाळ पंख्याच्या पात्यांवर बसली. बाकीची प्रमिलाच्या उजव्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत, आणि मानेच्या एका बाजूवर. कारखान्याच्या इस्पितळातून ती घरी आली तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकमेकांना चिकटून आत वळलेली होती. आता ती डाव्या हाताने पातेल्यात भात लावायची आणि बाहेर कोणी आलं की उजवा हात पदराखाली घ्यायची. फारशी बाहेर येतच नव्हती.

तिला वाटत होतं, डाळ आपणच जास्त घातली. शेजारणींना वाटत होतं, कुकरवाल्या कंपनीने माल वाईट दिला. कुकर का फुटला हे वसाहतीत एकट्या गोपीनाथला ठाऊक होतं.

तो कुकर 'सुलक्षणा' नावाचा. कामगारांच्या सोसायटीच्या दुकानात एकदम मोठा माल उतरला होता, त्यामुळे ओळीच्या ओळीत घरोघरी सुलक्षणा नांदत होती. तिच्या झाकणावर शिट्टीशेजारी एक सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याच्या पोटात मऊ धातूची गोळी असते. शिट्टीची नळी बुजली आणि वाफ कोंडली, की ती गोळी वितळते, वाफ निघून जाते, माणसं वाचतात. सुलक्षणाची गोळी वाफ कोंडायची वाट बघत नसे. चांगला कुकर चालला असताना, पाहुणे जेवायला बसले असताना ती वितळायची आणि अर्धकच्चा भात स्वयंपाकघरभर व्हायचा. भोपाळच्या न्यू मार्केटातल्या दुकानदाराकडे नवा व्हॉल्व्ह मागायला गेलं तर तो म्हणायचा, "अगले हफ्ते आइए." पुढच्या आठवड्यातही तो हेच म्हणायचा. शब्दाचा पक्का माणूस.

तेव्हा एकदा प्रमिला म्हणाली होती, "एवढे टर्नर तुम्ही. हत्तीएवढाले शाफ्ट घासता त्या लेथवर. ही एवढीशी गोळी नाही होत तुमच्याच्यानं?"

गोपीनाथने जेवणाच्या सुट्टीत, पितळी बारच्या उरलेल्या तुकड्यातून ती करून आणली. एकसंध पितळ. आटे असे पाडलेले की चिमटीने फिरवली तरी घट्ट बसावी. वर बारीक खाचा, पॉलिश. तिच्यात वितळण्यासारखं त्याने काही ठेवलंच नव्हतं आणि त्याचाच त्याला अभिमान होता.

कारखान्यात असली घरगुती कामं सगळेच करत. वसाहतीतले कूलरचे स्टँड, तुळशीभोवतीचे कठडे, मराठी मंडळाच्या गणपतीपुढची समई, सगळं त्याच लेथांवर जन्मलेलं. एका बड्या साहेबाच्या बंगल्यातल्या झोपाळ्याच्या कड्याही तिथल्याच. कागदोपत्री याला चोरी म्हणतात आणि त्यात सापडलेल्याची नोकरी जाते, नोकरीबरोबर क्वार्टर जातं. कागद काढायची वेळ मात्र सहसा येत नसे.

एवढ्यावर थांबलं असतं तर एकाच घरापुरतं राहिलं असतं. पण पुढे संक्रांत होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं, यावर मंडळाच्या बायकांत दरवर्षी मुकी चढाओढ असते. कोणी चहाची गाळणी देतं, कोणी साबणाची डबी. त्या वर्षी प्रमिला इंगोलेने पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह दिला. हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, ओटीत तिळगूळ आणि वर झळझळीत गोळी. "कधी म्हणून वितळायची नाही," असं प्रत्येकीला सांगून. बायका अवाक झाल्या. असं उपयोगी वाण भोपाळात कोणी दिलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन एकेकीने स्वतःच्या हाताने ते बसवलं. नवऱ्यांना पत्ताही नव्हता. कुकरच्या झाकणाकडे निरखून बघणारा पुरुष त्या वसाहतीत एकच होता, आणि तो टर्नर होता.

अपघाताच्या दिवशी इस्पितळातून परतल्यावर गोपीनाथने झाकण उचलून उजेडात धरलं होतं. शिट्टीची नळी डाळीच्या सालपटांनी गच्च बुजलेली. शेजारी त्याची गोळी. एक ओरखडा नाही. इतकं पक्कं काम त्याच्या हातून आधी कधी झालं नव्हतं.

त्याने झाकण फडक्यात बांधलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावर दुबे भाभींच्या कुकरने किंकाळी फोडली.

*

"इंगोले, तुम्ही नशीबवान आहात," नरहर देवपुजारी म्हणाले.

नरहरपंत डावीकडच्या क्वार्टरमधले, पत्रव्यवहार विभागातले मोठे कारकून. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले, मुलाला कायद्याची आवड लावून गेलेले. गेल्या काही वर्षांत ग्राहकांसाठी नवा कायदा आला होता, जिल्ह्याजिल्ह्याला मंच बसले होते आणि नरहरपंत त्या कायद्याचं पुस्तक घेऊन वसाहतीत एखादा जखमी ग्राहक शोधत होते. तो त्यांना भिंतीपलीकडेच सापडला.

"नशीबवान म्हणजे," ते जरा सावरून म्हणाले, "अन्याय झाला. पण बरोबर वेळेला झाला. चार वर्षांपूर्वी फुटता तर दिवाणी कोर्टात म्हातारे झाला असता."

"कशाला पंत ते. झालं ते झालं."

"झालं ते झालं? वहिनींचा हात बघा! कंपनीने सदोष वस्तू विकली. सेफ्टी व्हॉल्व्ह वितळायला हवा होता, वितळला नाही. कलम आहे त्याला. झाकण कुठाय?"

"टाकलं."

"माळ्यावर आहे," आतून प्रमिला म्हणाली. "यांनीच ठेवलंय फडक्यात बांधून."

नरहरपंतांनी झाकण नेऊन स्वतःच्या स्टीलच्या कपाटात ठेवलं, किल्ली जानव्याला बांधली. प्रमिलाने डाव्या हाताने अंगठ्यासारखी सही केली. दावा दाखल झाला. गोपीनाथने त्या वेळी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा नरहरपंत म्हणाले, "आभार नंतर माना." दुसऱ्यांदा त्याला वळलेली बोटं दिसली आणि तोंड मिटलं.

चैत्र लागला. दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं. कारखान्याच्या शेडमध्ये पत्रा तापून खाली उभं राहवत नव्हतं आणि गोपीनाथच्या हातून जन्मात पहिल्यांदा दोन जॉब बिघडून रद्द झाले. फोरमन म्हणाला, "इंगोले, घर जाओ, आराम करो." घरी आराम नव्हता. घरी शिट्ट्या होत्या.

त्याने ठरवलं, गाजावाजा न करता एकेक गोळी परत आणायची.

पहिल्यांदा तो वर गेला. दुबे भाभी दारात गहू निवडत होत्या.

"भाभीजी, वो पीतलवाला वाल्व... जरा दीजिए तो. पॉलिश करून आणतो."

"पॉलिश? चमक तो रहा है, भाईसाब." भाभींनी गहू निवडता निवडता मान वर केली. "और सुनिए, प्रमिला दीदी ने कुंकू लगा के दिया है. दिया हुआ वापस माँगते हैं क्या आप लोगों में?"

"वापस नहीं, पॉलिश..."

"पीतल का भाव बढ़ गया क्या मार्केट में?" आतून दुबेंचा आवाज आला. पाठोपाठ हसणं.

मागच्या ओळीत इंदुमती वैद्य म्हणाल्या, "माझ्याकडे कुठलं? मी भावजयीला दिलं ते पुढच्याच हळदीकुंकवात. माझ्याकडे सुलक्षणा थोडीच आहे!" भावजय कुठे राहते हे विचारायच्या आत त्यांनी दार ओढून घेतलं, कारण परपुरुषाने दुपारचं येऊन भावजयीचा पत्ता विचारणं त्यांना बरं दिसलं नाही. दोन घरांतून गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या घरी म्हातारी सासू म्हणाली, "सुवासिनीचं वाण परत न्यायला पुरुष आला! काय दिवस आलेत हो." ती बातमी त्याच्याआधी घरी पोचली.

मनोरमा देवपुजारी, म्हणजे नरहरपंतांची बायको, भिंतीवरूनच म्हणाली, "भाऊजी, माझं मुळीच देणार नाही. आख्ख्या वर्षात एकच गोष्ट या घरात बिघडली नाहीये."

संध्याकाळी गोपीनाथ खुर्चीत बसला. प्रमिला चहा घेऊन आली आणि आत न जाता उंबऱ्यावर टेकली.

"वाण का मागताय लोकांना?"

त्याने मुठीतल्या दोन गोळ्या एकमेकींवर घासल्या.

"भंगारात विकताय म्हणतात. इस्पितळाचा खर्च काढायला. मला सांगायला आल्या होत्या, दया म्हणून."

"कोणाकोणाला दिलंस तू?" त्याने उलट विचारलं. "सगळी नावं आठवतात?"

प्रमिला त्याच्याकडे बघत राहिली. नवऱ्याने बायकोला वाणाचा हिशेब विचारावा, असं तिच्या माहितीत कोणाच्या घरी झालेलं नव्हतं. मग तिची नजर हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या हातातल्या दोन गोळ्यांवर आली, तिथून स्वतःच्या पदराखालच्या हातावर. ती हुशार बाई होती. तिला कोणी वाक्य पुरं करून द्यावं लागत नसे.

"वितळायला पाहिजे होती," ती म्हणाली.

"हो."

"म्हणून कंपनीची सारखी वितळायची."

"ती जरा जास्तच वितळायची. पण वितळायची."

वायुगळतीच्या त्या रात्रीनंतर या शहरात व्हॉल्व्हवरून कोणी सहसा विनोद करत नाही. देवपुजाऱ्यांच्याकडून जाड शिट्टी आली. मागच्या ओळीतून एक, अर्धवट. वरून दुबे भाभींचा कुकर फुसफुसायला लागला.

"माझ्याच तोंडाने सांगितलं मी," प्रमिला म्हणाली. "एकेकीला. कधी म्हणून वितळायची नाही."

"मी केली."

"मी मागितली. मी वाटली." तिने पदर सारखा केला. "तुम्ही हिंडून कोणी देणार नाही. पॉलिश काय, पॉलिश! शुक्रवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू करते. सगळ्यांना बोलावते. मीच मागते."

"तू? बाहेर..."

"घरातच करायचंय की. पण कारण सांगितल्याशिवाय कोण देईल? आणि कारण सांगितलं की ही गोळी कुठल्या लेथवर झाली ते सांगावं लागेल. पंतांचा दावा जाईल. तो कंपनीचा इंजिनिअर शनिवारी झाकण बघायला येतोय. तुमची नोकरी..." ती थांबली. "सांगू का कारण?"

गोपीनाथने वर बघितलं. वर फुसफुस चालली होती. नेहमीपेक्षा जास्त वेळ चालली होती. मग ती बारीक झाली, अगदी बारीक, आणि थांबली. वर कोणीतरी पावलं टाकत होतं, बांगड्या वाजत होत्या, भाभी गुणगुणत होत्या. गोपीनाथ खुर्चीतून अर्धा उठला. त्याचं बनियन घामाने पाठीला चिकटलं होतं. प्रमिलाने चौकट धरली होती.

किंकाळी आली.

"सांग," गोपीनाथ म्हणाला आणि खाली बसला.

*

शुक्रवारी दुपारी उन्हं कलल्यावर इंगोल्यांच्या पुढच्या खोलीत चैत्रगौर बसली. मराठी बायका, दुबे भाभी, ज्यांना ज्यांना वाण गेलं त्या सगळ्या आल्या. निम्म्या गौरीसाठी, निम्म्या प्रमिलाची मान कितपत भाजली ते बघायला. वाटली डाळ झाली होती. पन्ह्याला कैऱ्या कमी पडल्या तेव्हा मनोरमा म्हणाली, "थांबा, माझ्याकडे आहेत, लावून येते." ती गेली आणि पदराला हात पुसत लगेच परत आली.

पुरुषाला आत जागा नव्हती. गोपीनाथ मागच्या दारी पायरीवर बसला होता. आतलं सगळं ऐकू येत होतं.

आधी बांगड्यांचा आवाज. मग प्रमिलाचा.

"बायांनो, आज मी ओटी भरणार नाहीये. मला माझं वाण परत पाहिजे."

बांगड्या थांबल्या.

"अगं, असं काय वेड्यासारखं?" इंदुमती वैद्य म्हणाल्या.

"हा हात बघा." पदर सरकल्याचा आवाज काही येत नाही, पण आत कोणीतरी श्वास ओढला तो गोपीनाथला ऐकू आला. "कंपनीच्या व्हॉल्व्हने नाही झालं हे. आमच्या गोळीने झालं. वितळायला पाहिजे ती वितळली नाही. तीच तुमच्या घरी बसलीय. नळी बुजली की तुमच्याकडेही हेच."

एकदम सगळ्या बोलायला लागल्या. "मग आधी नाही का सांगायचं?" "हाय राम, मेरे यहाँ तो रोज..." "कारखान्यातनं चोरून केलं आणि वर कुंकू लावून वाटलं, वा!" त्या गलक्यात मनोरमाचा आवाज चढला. "आणि आमच्या यांनी महिनाभर घासलेला दावा? उद्या इंजिनिअर येतोय! प्रमिला, तू आज बोलतेस?"

"आजच बोलायचं होतं."

"मी नाही देणार. आणि देऊ कुठून? आत्ता शेगडीवर आहे कुकर. कैऱ्या लावून आलेय. यांना सांगितलंय, दोन शिट्ट्या झाल्या की बंद करा."

गोपीनाथने मान वळवली. मनोरमा येऊन बसल्याला बराच वेळ झाला होता. नाव घेऊन कुंकू लावून झालं होतं, डाळ वाटून झाली होती, भांडण जमून आलं होतं. देवपुजाऱ्यांकडून एकही शिट्टी आली नव्हती. कैरीची साल उकडली की फाटते आणि गर वर येतो. नळी बुजायला तेवढा पुरतो.

तो कुंपण ओलांडून धावला.

नरहरपंत पुढच्या खोलीत कूलरसमोर बसून उद्याचं बोलणं मोठ्याने वाचत होते.

"पंत, कुकर!"

"झालं नाही अजून. दोन शिट्ट्या व्हायच्यात. एकही झाली नाही." नरहरपंत हुकूम पाळणारे होते.

"उठा तिथून! भिंतीआड व्हा!"

स्वयंपाकघरात ज्योत पूर्ण मोठी होती. कुकर शेगडीवर थरथरत होता. शिट्टीतून काही निघत नव्हतं, एक थेंबसुद्धा नाही. झाकणाच्या कडेला बारीक टिक-टिक होत होती, पत्रा ताणल्यासारखी. शिट्टीशेजारी त्याची गोळी झळकत होती.

शेगडीची कळ कुकरच्या पोटाखाली. सिलिंडर ओट्याच्या खाली. दारामागे लाकडी पाट उभा होता. गोपीनाथने तो डोक्यावर धरला आणि फरशीवर पोटावर पडून सरपटायला लागला. फरशी गार होती. कोपर घासत होतं. वर टिक-टिक वाढली. सिलिंडरपर्यंत हात पोचला, बोटं रेग्युलेटरवर आली आणि घामाने घसरली. आयुष्यभर त्या बोटांनी केसाएवढं माप ओळखलं होतं, आता त्यांना डावं-उजवं कळेना. पुन्हा धरलं. फिरवलं. वरची घरघर गेली. टिक-टिक तशीच.

तो तसाच मागे सरपटत दाराबाहेर आला. बाहेर स्टीलच्या कपाटाआड नरहरपंत उकिडवे बसले होते. तो त्यांच्याशेजारी कोंबला गेला, पाट दोघांच्या डोक्यावर.

"काय प्रकार आहे हा?" नरहरपंत कुजबुजले.

"आत वाफ कोंडलीय. निवायला वेळ लागेल. हलू नका."

"पण सेफ्टी व्हॉल्व्ह..."

"तो माझा आहे." आणि त्या अडचणीत, गुडघे हनुवटीला लागलेले असताना, गोपीनाथने सगळं सांगितलं. नरहरपंतांनी मध्ये एकदाही कलम सांगितलं नाही. आत टिक-टिक चालू होती. एकदा जोराचा ठण्ण आवाज झाला. दोघांनी पाट घट्ट धरला. मग पुन्हा टिक-टिक, जरा सावकाश.

"माझ्या घरात," नरहरपंत म्हणाले. "संक्रांतीपासून. आणि मी इथे बसून लिहितोय, की वसाहतीतल्या प्रत्येक गृहिणीच्या जीविताला धोका..." त्यांनी घाम पुसला. थोड्या वेळाने अंगच्या सवयीने त्यांचं डोकं चालायला लागलं. "इंगोले, ऐका. कपाटातल्या झाकणावरची तुमची गोळी काढता येईल. कंपनीची एखादी जुनी बसवायची. दावा टिकतो. तुमची नोकरी टिकते. बायकांना मी समजावतो. ही गोष्ट मी ऐकलेली नाही."

गोपीनाथ आतला आवाज ऐकत होता. टिक... टिक. खूप वेळ नाही. पुन्हा टिक.

"झाकण आहे तसं द्या उद्या," तो म्हणाला.

"विचार करा."

"पंत, विचार करून करूनच इथे येऊन बसलोय."

व्हरांड्यात बायका गोळा झाल्या होत्या. सगळ्यांत पुढे मनोरमा. तिने नवऱ्याला आणि टर्नरला एका पाटाखाली बसलेलं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. कुकर पुरता निवेपर्यंत सगळ्या तशाच उभ्या राहिल्या, जणू गौर तिथेच बसली होती. मग मनोरमाने स्वतः झाकण उघडलं. नळीत कैरीची साल मेणासारखी बसली होती. तिने चिमटीने गोळी काढली, पाण्याखाली धरली, पुसली. इंगोल्यांच्या घरी जाऊन प्रमिलापुढच्या रिकाम्या परातीत ठेवली. पितळेवर पितळ वाजलं.

"घे बाई तुझं वाण," ती म्हणाली. आणि मग जे कोणी ठरवलं नव्हतं ते तिने केलं. वाकून प्रमिलाच्या त्या हाताला, चिकटलेल्या बोटांना, हळद आणि कुंकू लावलं.

दिवेलागणीपर्यंत परात वाजत राहिली.

*

शनिवारी इंजिनिअर देवपुजाऱ्यांकडे आला. गोरा, घामट, ब्रीफकेस घेतलेला मुलगा. झाकण बघून त्याचा चेहरा उजळला. "ये तो हमारा पार्ट ही नहीं है, सर."

"माझं आहे," गोपीनाथ म्हणाला. "मैंने बनाया है."

"अच्छा काम है," इंजिनिअर म्हणाला. तो मनापासून म्हणाला हे वाईट.

मग दुबे भाभींनी टेबलावर बटणांचा डबा उपडा केला. त्यात बटणं थोडी होती. बाकी कंपनीचे जुने, पोट वितळलेले व्हॉल्व्ह. बायका कुठलीही वस्तू टाकत नाहीत. प्रत्येकीने आणले होते.

"और ये आपके," भाभी म्हणाल्या. "चावल भी नहीं पकने देते थे. इसीलिए तो."

इंजिनिअरने त्यातला एक उचलला, बघितला आणि सहज खिशाकडे नेला.

"वो इधर रखिए," मनोरमा म्हणाली. "पुरावा आहे तो."

पुढे जे व्हायचं ते झालं. कंपनीने कारखान्याला पत्र पाठवलं आणि गोपीनाथ चौकशी होईपर्यंत निलंबित झाला. ज्या साहेबाने सही केली, त्याच्या बंगल्यात संध्याकाळी झोपाळा कुरकुरत होता. प्रमिलाच्या नावाचा दावा नरहरपंतांनी मागे घेतला आणि दुसऱ्याच दिवशी बटणांच्या डब्याच्या आधारावर नवा घातला, या वेळी दुबे भाभींच्या नावाने. कंपनीने एका वर्तमानपत्रात, विहीर खोदून मिळेल आणि पत्रिका जुळवून मिळेल यांच्या मध्ये, छोटीशी जाहिरात दिली की ग्राहकांच्या सोयीसाठी व्हॉल्व्ह बदलून मिळतील. न्यू मार्केटातला दुकानदार म्हणाला, "अगले हफ्ते आइए."

परातीतल्या गोळ्या प्रमिलाने मोजल्या नाहीत. तिला नावं पाठ होती. एक कमी होती. इंदुमती वैद्यांच्या भावजयीची.

निलंबित माणसाला वेळ भरपूर असतो. गोपीनाथ आणि प्रमिला टेम्पोने शहराबाहेर मिसरोदला गेली. नव्या बांधलेल्या घरांच्या रांगा, अर्ध्यांना रंग नाही, झाडाचं नाव नाही. इंदुमतीबाईंनी पत्ता सांगितला होता तो असा, की हिरव्या गेटाजवळून उजवीकडे. सगळीच गेटं हिरवी होती. उन्हाच्या झळा ओसरेपर्यंत दोघं फिरली. प्रमिलाने हात पदराखाली घेतला होता. लोक बघतात म्हणून नाही, ऊन त्या कातडीला सोसत नाही म्हणून.

दिवे लागायला लागले. गोपीनाथ एकदम थांबला. मान तिरकी केली. एका खिडकीतून सुलक्षणाची फुसफुस येत होती, बारीक होत चाललेली.

"हेच," तो म्हणाला.

प्रमिला त्याच्या पुढे झाली. तिने पदरातून उजवा हात काढला आणि त्याच हाताने दार वाजवलं. नुकतं लग्न झालेली मुलगी दारात आली, हातभर हिरवा चुडा, बोटांना कणीक. आधी तिने हात बघितला आणि ती मागे सरली.

"कोण तुम्ही?"

"बाळ, आधी गॅस बंद कर," प्रमिला म्हणाली. "मी कोण ते मग सांगते."